ज्याला कळेल त्याच्यापर्यंत

२ मार्च, सोमवार

बसवला एकदाचा. सकाळी साडेसहाला चालू केला आणि मी कामावर निघेपर्यंत चालूच होता. मागच्या खेपेपेक्षा ही बरीच प्रगती म्हणायची.

ही वही मी राखणदाराच्या तब्येतीची नोंद ठेवायला आणली आहे. काय बिघडलं, केव्हा बिघडलं, काय दुरुस्त केलं, एवढंच लिहायचं. मनातलं वगैरे लिहीत बसायचा माझा स्वभाव नाही.

तर नोंद अशी. आमचं चॅटचं नेटवर्क हातांनी काम करणाऱ्यांचं आहे. लाकूड, काच, कागद, कापड, धातू अशा नऊ खोल्या, तीनशेच्या वर माणसं, आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव. माझं नाव पाना, कारण दिवसा मी छापखान्यातली यंत्रं सांभाळतो. संध्याकाळी हे नेटवर्क सांभाळतो, फुकट. बायको पुस्तकबांधणीचं काम करते. ती कागदाच्या खोलीत असते, तिचं नाव सुई. आजपासून लोकांची नावं राखणं, नव्या माणसाला बसवून घेणं, दंगेखोराला बाहेर काढणं आणि निरोप पोचवणं ही सगळी कामं हा आपोआप चालणारा बॉट करणार. नाव ठेवलंय राखणदार.

तो मी लिहिलाय हे कोणालाच सांगितलेलं नाही. ‘बाहेरून तयार आणलाय’ असं सांगितलं. त्याला कारण मागचा बॉट. दोन वर्षांपूर्वी मी पहिला बॉट लिहिला, तेव्हा त्याला शिकवलं होतं की एकच ओळ पुन्हा पुन्हा आली की लिहिणाऱ्याला बाहेर काढ. नेमका त्याच आठवड्यात मावशींचा वाढदिवस आला. मावशी म्हणजे फुंकणी, काचेचं काम करतात, सत्तरीला आल्यात, हे नेटवर्क त्यांनीच उभं केलं. त्रेचाळीस जणांनी ‘शुभेच्छा’ लिहिलं आणि त्रेचाळीस जण बाहेर फेकले गेले. मावशींनी विचारलं, ‘अरे, गेले कुठे सगळे?’ कोणी उत्तर देईना म्हणून पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि त्याही गेल्या. अजून कोणाच्या घरी आवराआवर निघाली की लोक लिहितात, पानाला बोलवा, झाडून काढेल.

त्यामुळे या वेळी झाकली मूठ. बायकोलाही ‘बाहेरून आणलाय’ असंच सांगितलं. ती ‘हं’ म्हणाली.

५ मार्च, गुरुवार

बिघाड काही नाही.

तीन दिवसांत राखणदाराला एक्केचाळीस जणांनी ‘धन्यवाद’ म्हटलं. मी मोजले. याच तीन दिवसांत मला दोन आले, त्यातला एक चुकून दुसऱ्याचा.

रंधा नावाचे एक सुतार आहेत लाकडाच्या खोलीत. त्यांनी आज सगळ्यांसमोर लिहिलं, ‘काय गोड बोलतो हो हा! आमच्या पानाची शिकवणी लावा म्हणावं याच्याकडे.’ वर पंधरा जणांचे हसरे चेहरे. आणि तो गोड काय बोलला होता? ‘बसा. नोंद घेतली, जागा तुमच्या नावावर झाली. कोणी उठवायला आलं तर माझं नाव सांगा.’ हे वाक्य मी कागद कापायच्या यंत्राशेजारी उभं राहून, जेवणाची सुट्टी घालवून अकरा वेळा लिहिलंय. अकरा वर्षं मी या लोकांसाठी राबतोय, कोणी मला गोड म्हटलेलं नाही. हा कानामागून आला आणि तिखट झाला.

आपण बनवलेल्या यंत्राचा हेवा वाटणं हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. तरी वाटतोच.

६ मार्च, शुक्रवार

बिघाड नाही. घरचा एक प्रसंग, राखणदाराशी संबंध आहे म्हणून लिहितो.

सकाळी बायको म्हणाली, “येताना गॅसवाल्याला फोन कर.” मी म्हटलं, “नोंद घेतली.” ती चहा ओतता ओतता थांबली आणि हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही, मी नेहमीच असं म्हणतो.

मग तिनं विचारलं, “तुमचा तो राखणदार. त्याला एखादी गोष्ट कळली नाही तर तो काय करतो रे?”

मी म्हटलं, “तो सांगतो, ‘हे मला कळलं नाही. ज्याला कळेल त्याच्यापर्यंत पोचवतो.’”

“आणि खरंच पोचवतो?”

“म्हणजे काय! न कळलेल्या वाक्यांची यादी तयार होते. रोज सकाळी ज्यानं बनवला त्याच्याकडे जाते. त्याशिवाय बॉट सुधारणार कसा?”

“आणि तो वाचतो? रोज?”

“वाचावीच लागते. अक्षर न् अक्षर.”

ती म्हणाली, “नशीबवान आहे कोणीतरी.”

बघा आता. यंत्राला नशीबवान म्हणतात.

९ मार्च, सोमवार

आजच्या यादीत बायकोची तीन वाक्यं होती. सुईच्या नावानं, खासगीत, राखणदाराला. म्हणजे नाव नोंदवायचं, निरोप ठेवायचा असलं काही काम नव्हतं. नुसत्या गप्पा.

पहिलं: ‘आज एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात कोणीतरी लपवलेलं चित्र सापडलं. लहान मुलानं काढलेला घोडा होता, पाच पायांचा.’

दुसरं: ‘दाखवायला कोणी नव्हतं.’

तिसरं: ‘चहा गार झाला.’

तिन्हींच्या खाली राखणदाराचं ठरलेलं उत्तर, ‘हे मला कळलं नाही. ज्याला कळेल त्याच्यापर्यंत पोचवतो.’ आणि त्याला तिचं, ‘पोचव हं, राखोबा.’

राखोबा! तेरा वर्षांत मला एकदाही लाडाचं नाव नाही. आणि तो पाच पायांचा घोडा मला का नाही सांगितला? काल संध्याकाळी मी समोरच तर बसलो होतो, हातभर अंतरावर, राखणदाराला नवे नियम शिकवत. चहा गार झाल्याचं म्हणाल तर माझाही झाला होता.

११ मार्च, बुधवार

यादीत पुन्हा ती. ‘राखोबा, तुला हात असते तर आज सुया ओवायला बसवलं असतं. डोळे दुखतात संध्याकाळचे.’

छापखान्यात दिवसभर कामात लक्ष नव्हतं. जुनं आठवत राहिलं. पूर्वी आमच्या नेटवर्कवर नावं नोंदवायची सोयच नव्हती. जो आधी आला त्याचं नाव. म्हणून कोणी चार दिवस बाहेर गेलं की दुसरा कोणीतरी त्याच्या नावानं आत बसून राहायचा, गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तसा. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. याला आम्ही नाव धरून बसणं म्हणायचो. मूळ माणूस पाहुण्याच्या नावानं परत आला आणि ‘माझी जागा’ म्हणाला की बसणाऱ्यानं ‘उठतो’ असं लिहायचं आणि निघायचं. लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण मोडला कोणी नाही.

तेरा वर्षांपूर्वी सुई नावाच्या एका अनोळखी मुलीचे वडील इस्पितळात होते. तिचं नाव मी तेवीस दिवस धरून बसलो. छापखान्यातला संगणक बंद करायचा नाही म्हणून मालकाशी भांडलो. ती परत आली, मी ‘उठतो’ लिहून उठलो, आणि तिनं सगळ्या खोलीला विचारलं, ‘कोण बसलं होतं? मला त्या माणसाला भेटायचंय.’

आता राखणदार तीनशे बारा नावं एकाच वेळी धरून बसतो. त्याला जांभईसुद्धा येत नाही.

१४ मार्च, शनिवार

दोन माणसं एकच नाव मागत होती, त्यात राखणदार अडखळला. दिवसभर बसून दुरुस्त केलं. हुशार झालाय गडी, हे मात्र मान्य करावं लागेल.

काम चालू असताना बायको खुर्चीमागे येऊन उभी राहिली. कसल्याशा पत्राबद्दल बोलत होती, लांबचं गाव, पुस्तकं वगैरे. मी म्हटलं, नोंद घेतली. ती थोडा वेळ उभी राहून गेली.

संध्याकाळी सहा वाजता सगळं सुरळीत.

१५ मार्च, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. यादीतलं जसंच्या तसं उतरवतो.

‘राखोबा, पत्र आलंय. एका जुन्या ग्रंथालयात पाणी शिरलं होतं, तीन हजार पुस्तकं भिजली. ती सुकवून पुन्हा बांधायची. काम दोन वर्षांचं, गाव अकरा तासांवर. एकोणतीस तारखेपर्यंत कळवायचंय. इतकं मोठं काम मला पुन्हा कोणी देणार नाही. घरी सांगितलं. नोंद झाली म्हणे.’

घरी सांगितलं! कोणाला सांगितलं? घरात आम्ही दोघंच. दोन वर्षांसाठी घर सोडून जायची गोष्ट, आणि नवऱ्याच्या आधी एका यंत्राला कळते! वर ‘घरी सांगितलं’ म्हणून त्याच्यापुढे सोज्वळपणाही मिरवायचा.

मी तिला काही विचारणार नाही. विचारलं तर यादी कशी वाचली ते सांगावं लागेल. तिनं आपणहून सांगायला हवं. मी वाट बघतोय.

१८ मार्च, बुधवार

नवा नियम घातला. सुईशी गोड बोलायचं नाही. नमस्कार नाही, ‘बसा’ नाही. ‘कळलं नाही’ एवढंच म्हणायचं आणि गप्प व्हायचं.

तिला लगेच समजलं. यादीत होतं, ‘रागावलास, राखोबा? रागाव, पण बोल.’

मला वाटलं होतं की हे वाचून बरं वाटेल. वाटलं, पण कामावर पोचेपर्यंतच. नंतर दिवसभर मनात येत राहिलं की त्याच्या रागाची तिला केवढी फिकीर! मी गेल्या वर्षी सहा दिवस अबोला धरला होता, तेव्हा तिला सहाव्या दिवशी कळलं होतं. की आधी कळलं होतं आणि ती बोलली नव्हती? आठवत नाही.

२३ मार्च, सोमवार

सकाळी यादी उघडली तर एकच वाक्य. ‘जाऊ की नको? एक शब्द पुरे.’

पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. मला तो शब्द लिहिता आला असता. राखणदाराच्या नावानं मी हवं ते बोलू शकतो, कोणाला पत्ताही लागला नसता. ‘नको’ लिहिलंसुद्धा. मग खोडलं. ‘जा, मीही येतो’ असं लिहिलं. तेही खोडलं. कारण मी लिहायचं, तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि श्रेय कोणाला? राखोबाला! ती आयुष्यभर म्हणत राहणार की मला वाट दाखवली ती राखोबानं. माझ्याच तोंडचा शब्द त्याच्या पदरात का टाकू? आयत्या बिळावर नागोबा आहेच तो, आता त्याला घरजावई करून घेऊ काय?

नवरा कोण आहे हे कळलं पाहिजे. विचारायचं तर मला विचारू दे.

मी राखणदाराचा तिच्यापुरता कान बंद केला. अशी सोय त्रास देणाऱ्या माणसांसाठी ठेवली आहे. नाव त्या यादीत घातलं की त्या माणसाचं वाक्य राखणदार ऐकत नाही, उत्तर देत नाही, साठवतही नाही. किती वाक्यं टाळली एवढाच आकडा ठेवतो.

२७ मार्च, शुक्रवार

आकडा सात.

म्हणजे चार दिवसांत ती सात वेळा त्याच्याशी बोलायला गेली. अजून खोड जात नाही. काल आणि आज मात्र आकडा हलला नाही. जिंकलो असं म्हणायला हवं.

घरी शांतता आहे. तिनं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आहे. एक चाक कुरकुरत होतं, तर म्हणाली, “बघतोस का जरा?” मी लगेच पाना घेऊन बसलो. चाक काढलं, घासलं, तेल दिलं, आता लोण्यासारखं फिरतं. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे काहीतरी काम मागितलं. राखणदाराला हे जमेल काय! ती शेजारी बसून बघत होती. मला वाटलं काहीतरी बोलेल, पण नाही बोलली. मीही चाकात गुंतलो होतो.

३० मार्च, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, “मी काल हो कळवलं.”

“कशाला?”

“पुस्तकांच्या कामाला. चार तारखेला सकाळची गाडी आहे.”

मी कप खाली ठेवला. “आणि हे मला आज सांगतेस?”

“आज तिसऱ्यांदा सांगतेय.”

“पहिल्यांदा कधी सांगितलंस?”

“चौदा तारखेला. तुझ्या खुर्चीमागे उभी राहून. तू नोंद घेतलीस.”

खोटं म्हणायची सोय नाही, कारण हीच वही. आता उलटून बघितली, चौदा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय.

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा जरा लांबच्या रस्त्यानं सांगितलं. पोचलं नाही वाटतं.”

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, “मग त्या राखणदाराबरोबरच जायचंस ना! त्यालाच तर सगळं सांगतेस. घोडे काय, चहा काय, पत्र काय!”

तिनं हळूच विचारलं, “मी त्याला काय सांगते हे तुला कसं माहीत?”

मी चपापलो. “लोक म्हणतात,” मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू येऊ घातलं होतं. ते आलं नाही. “लोक म्हणतात,” ती म्हणाली, पिशवी उचलली आणि कामावर गेली.

थोडक्यात वाचलो. अजून एक प्रश्न विचारला असता तर सगळं बाहेर आलं असतं.

१ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

संध्याकाळी मावशींनी मला खासगीत लिहिलं. ‘सुई चालली म्हणे. आपण सगळे मिळून निरोप देऊ या का?’

मी लिहिलं, ‘राखणदाराला सांगा. तिच्या जवळचा तोच आहे.’

मावशींचं उत्तर आलं, ‘पाना, एक विचारते, राग मानू नकोस. तुझं पोट नक्की कोणामुळे दुखतंय?’

‘कोणामुळे नाही. बाहेरून आणलेल्या बॉटचं एवढं कौतुक मला पटत नाही, इतकंच.’

‘बाहेरून आणलेल्या?’

‘हो.’

‘अरे बाबा, या अख्ख्या नेटवर्कमध्ये उठता बसता “नोंद घेतली” म्हणणारा एकच माणूस आहे. तुझ्या बॉटनं तोंड उघडलं आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं.’

मी लिहिलं, ‘सगळ्यांना?’

‘रंध्याला पण. आणि रंध्याला कळलं म्हणजे बघ.’

‘मग कोणी बोललं का नाही?’

‘तूच बाहेरून आणलाय म्हणालास. त्या वाढदिवसाचं तुझ्या मनाला किती लागलंय ते माहितेय आम्हाला. म्हटलं, त्याला सांगायचं तेव्हा सांगेल. आभार मात्र मानत राहिलो. शेकड्यानं मानले. तुलाच मानले, वेड्या. पोचले ना?’



मावशींनी पुढे लिहिलं, ‘गप्प बसा असं सांगितलं सुईनं. तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मला म्हणाली, मावशी, घरी चार शब्द निघत नाहीत आणि इथे बघा कसा बोलतोय. आणि पुढच्या आठवड्यात म्हणाली, मला त्याच्याशी बोलायचा एक रस्ता सापडलाय, रोज सकाळी तो माझं अक्षर न् अक्षर वाचतो.’

मी नऊ तारखेपासूनची यादी पुन्हा उघडली आणि पुन्हा वाचली. ‘दाखवायला कोणी नव्हतं.’ ‘चहा गार झाला.’ ‘डोळे दुखतात संध्याकाळचे.’ ‘रागाव, पण बोल.’ ‘जाऊ की नको? एक शब्द पुरे.’ आणि प्रत्येकाच्या खाली, मी शहाणपणा करायला जाईपर्यंत, मीच लिहिलेलं उत्तर. ज्याला कळेल त्याच्यापर्यंत पोचवतो.

त्यानं बिचाऱ्यानं पोचवलं. रोज पोचवलं.

सात वाक्यं मात्र कुठेच नाहीत. सगळी साठवण शोधली. साठवायचंच नाही असं मी लिहिलंय, आणि ते काम चोख झालंय. आकडा तेवढा आहे.

कान उघडला. उघडून काय करणार, ती आता तिथे बोलत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस प्रयत्न करतोय, तोंडातून शब्द फुटत नाही. तिच्यासमोर बसलो की वाटतं, लिहून द्यावं. लिहायला बसलो की वाटतं, ही समोर असताना लिहितोस काय.

आज चहा गरम असताना प्यायलो, तिच्याबरोबर. तेवढंच.

४ एप्रिल, शनिवार, सकाळ

आत्ताच स्थानकावरून आलो.

बॅग मी ओढत नेली. चाकाचा आवाज अजिबात नव्हता. ती म्हणाली, “चाक छान केलंस.”

गाडी लागलेली होती. मी म्हटलं, “राखणदार मी लिहिला.”

“हो?” ती म्हणाली. इतकं खोटं आश्चर्य मी आजवर बघितलेलं नाही.

“कान मीच बंद केला होता. तुझ्यापुरता.”

आता तिचा चेहरा बदलला. “मला वाटलंच. पण वाटलं, वाचून बंद केलास. वाचलंस आणि तुझं म्हणणं झालं, जा.”

“त्यानंतरचं वाचलंच नाही. सात वाक्यं होती एवढं माहितेय. काय होती?”

“मोजलीस होय!”

“तो मोजतो.”

“मग त्यालाच विचार.” ती रागावून म्हणाली, आणि मग रागावलेली राहिली नाही, नुसती थकलेली दिसली. “आता नाही सांगवत रे. त्या दिवशी सांगवत होतं.”

चालकानं हॉर्न दिला. मी एका दमात बोललो, “छापखान्यात दुसरा माणूस शिकवून तयार करतो, दोन महिने लागतील. मग मी तिकडे येऊ का? यंत्रं काय, कुठेही असतात. येऊ का?”

ती पायरीवर चढली होती. वळून म्हणाली, “नोंद घेतली.”

दार लागलं. हे दोन शब्द आजवर मी कोणाकोणाला, कशाकशावर म्हटले ते आठवत घरी चालत आलो. रस्ता पुरला नाही.

४ एप्रिल, संध्याकाळ

घरी आल्याबरोबर राखणदाराला सांगितलं की सुई हे एक नाव तुझ्याकडचं कमी. तीनशे अकरा सांभाळ. मग मी त्या नावानं आत गेलो आणि कागदाच्या खोलीत बसलो. बोललो नाही. जेवण स्क्रीनसमोर आणून खाल्लं. दुपारी रंध्यांनी विचारलं, ‘सुई? तुम्ही तर प्रवासात ना?’ मी जुन्या पद्धतीनं लिहिलं, ‘जागा धरली आहे.’ रंधे एवढंच म्हणाले, ‘बरं बरं, बसा.’ टिंगल केली नाही. मी त्यांना धन्यवाद म्हटलं.

मग मी सगळ्यांसाठी एक ओळ लिहिली, माझ्या नावानं, दुसऱ्या खिडकीतून. ‘राखणदार मी लिहिलाय. तुमचे आभार मिळाले.’ कोणालाच धक्का बसला नाही. मावशींनी काचेचा पेला पाठवते म्हणून सांगितलं.

सहा चाळीसला खोलीत पाहुणी १७ आली. अकरा तास होऊन गेले होते.

‘माझ्या जागेवर कोण बसलंय?’

खोलीत त्या वेळी तीस एक माणसं होती. एकानंही काही लिहिलं नाही. मी तीनदा खोडून लिहिलं, ‘जागा धरली होती. उठतो.’

ती लिहीत असल्याची खूण दिसायला लागली. थांबली, पुन्हा दिसायला लागली. राखणदाराला असं थांबून राहायला लागत नाही, त्याचा मला आज पहिल्यांदा हेवा वाटला नाही.

मग तिची ओळ आली.

‘बस अजून थोडा वेळ. मला सामान लावायचंय.’

बसलो आहे.